चेहरा दाखवा, पण बदलू नका

२ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘ड्रीम’ या नावाने माइनक्राफ्ट खेळणाऱ्या एका अमेरिकी तरुणाने कॅमेऱ्यासमोर मुखवटा उतरवला. तोवर त्याच्या यूट्यूब वाहिनीचे सबस्क्रायबर तीन कोटींच्या घरात गेले होते, आणि त्यांतल्या जवळजवळ कुणीच त्याचा चेहरा पाहिलेला नव्हता. पांढऱ्या गोळ्यावर रेघांनी काढलेलं हसरं तोंड, एवढीच त्याची ओळख. उरलेला माणूस चाहत्यांनी आपापल्या चित्रांत घडवला होता: सोनेरी केसांचा, हिरवी हुडी घातलेला, देखणा. मुखवट्याखालून निघाला चारचौघांसारखा एक विशीतला मुलगा. ब्रिटनमधला मित्र आता आपल्याकडे राहायला येतोय, त्याच्याबरोबर बाहेर हिंडायला मिळावं म्हणून चेहरा दाखवतोय, असं कारण त्याने सांगितलं. ते ऐकायला कुणाला वेळ होता? काही तासांत तो कुरूप असल्याचा गलका समाजमाध्यमांवर सुरू झाला. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही मुलगा घराबाहेर पडेपर्यंत लोक दम धरतात.

चाहत्यांची बोलणी वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. माध्यमांच्या वर्गात मी हाच विषय शिकवते. विद्यार्थी या बोलण्याचे दोन कप्पे करतात. दिसण्याबद्दलचं बोलणं म्हणजे उथळ आणि छळवादी. करिअरबद्दलचं म्हणजे जरा गंभीर, जवळजवळ समीक्षा. ही विभागणी मला पटत नाही. ‘ताई, केस का कापलेस?’ आणि ‘ताई, सिनेमात का गेलीस?’ या दोन्ही वाक्यांमागे एकच मागणी असते: आम्हाला पहिल्यांदा भेटलीस तशीच राहा.

हे मोबाइलसोबत आलेलं खूळ नव्हे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘लोनसम गॅल’ नावाचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. जीन किंग ही अभिनेत्री रात्री मऊ आवाजात एकट्या श्रोत्याशी बोलायची, मधूनमधून गाणी लावायची. नाव सांगायची नाही आणि लोकांसमोर यायची ती डोळ्यांवर मुखवटा चढवूनच. तिला लग्नाच्या मागण्या घालणारी हजारो पत्रं आली. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ साली ‘सायकायट्री’ या नियतकालिकात निबंध लिहिला, त्यात या बाईंचा दाखला आहे. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याकडे पाहून, घरगुती सुरात बोलू लागला की एकतर्फी नातं जुळतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. प्रेक्षक त्याला ओळखतो, तो प्रेक्षकाला ओळखत नाही. तरी ओळख रोज वाढत गेल्यासारखी वाटते. पुढची सगळी संशोधनं या निबंधाच्या खांद्यावर उभी आहेत.

फरक पडला तो पत्रपेटीचा. जीन किंगची पत्रं केंद्रावर जायची, तिथेच राहायची. आज एकाचं पत्र बाकीचे लाखभर वाचतात, त्यावर अंगठा उमटवतात, आणि सर्वांत जास्त अंगठे मिळालेलं सर्वांत वर जातं.

एम फोर्ड या ब्रिटिश मेकअप-ब्लॉगरने २०१५ साली अशा जाहीर शेऱ्यांचाच वापर केला. मुरुमांचे डाग असलेल्या चेहऱ्याचे, मेकअप न केलेले फोटो टाकल्यावर तिला जे ऐकावं लागलं, त्यातून तिने ‘यू लुक डिस्गस्टिंग’ ही छोटी फिल्म केली. फिल्म नीट पाहावी अशी आहे. सुरुवातीला डागाळलेला चेहरा आणि त्यावर किळस व्यक्त करणारी वाक्यं. मग फाउंडेशन चढतं, डाग दिसेनासे होतात, वाक्यं गोड होतात. आणि मग तिसरा टप्पा: ही फसवणूक आहे, ही बाई खोटी आहे. उघडा चेहरा घाण आणि रंगवलेला खोटा, म्हणजे तिसरा चेहरा तिने आणायचा तरी कुठून? फिल्म कोट्यवधी लोकांनी पाहिली, आणि त्यांतही असे शेरे मारणारे असणारच.

या बोलण्याला यंत्राचीही साथ आहे. २०२४पासून यूट्यूबने निर्मात्यांना एका व्हिडिओसाठी तीन थंबनेल लावून पाहण्याची सोय दिली. तोंड उघडं ठेवलेला चेहरा, भुवया उंचावलेला चेहरा, चेहराच नसलेला फोटो, असे तीन पर्याय वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवले जातात, आणि ज्याने अधिक वेळ पाहायला लावलं तो जिंकतो. म्हणजे ‘तू कसा दिसतोस’ यावर मत द्यायला प्रेक्षकाने एक अक्षरही लिहायची गरज उरली नाही. निर्माता सकाळी उठून आकडे पाहतो आणि कुठला चेहरा चालतो ते त्याला कळतं. पुढच्या व्हिडिओत तो चेहरा थोडा अधिक ताणून वापरला जातो. त्यानंतर प्रेक्षक म्हणतात, हा हल्ली फार ओव्हरॲक्टिंग करतो.

निकोकाडो अव्होकाडो हा या खेळातला सगळ्यांत बेरकी गडी. निकोलस पेरी हे त्याचं खरं नाव. व्हायोलिन शिकलेला, आधी वीगन आहाराचा प्रचार करणारा. पुढे ढिगाने जंक फूड खात, रडत, आरडाओरडा करत व्हिडिओ करणारा. त्याचं वाढतं वजन हाच प्रेक्षकांच्या चर्चेचा विषय होऊन बसला. काळजी आणि कुचेष्टा एकाच वाक्यात. सप्टेंबर २०२४मध्ये तो पांडाचं तोंड घालून आला, ते काढलं, आणि खालून निघाला ओळखू न येणारा सडपातळ माणूस. आपण सुमारे अडीचशे पौंड, म्हणजे एकशे तेरा किलोंच्या आसपास घटवल्याचं त्याने सांगितलं. दोन वर्षं प्रेक्षक ज्यांवरून त्याच्या तब्येतीचा रोज पंचनामा करत होते, ते व्हिडिओ आधीच चित्रित करून ठेवलेले होते! लोक थक्क झाले, कौतुकही केलं. आणि लगोलग नवी चर्चा सुरू झाली: गालांची कातडी लोंबतेय का, औषध घेतलं असेल का.

करिअरच्या बाबतीत हीच गोष्ट सभ्य कपड्यांत येते. ठाण्याच्या प्राजक्ता कोळीने रेडिओतली नोकरी सोडून २०१५ साली ‘मोस्टलीसेन’ वाहिनी सुरू केली. आई, बाबा, भाऊ सगळी पात्रं स्वतःच रंगवायची, घरातल्याच खोलीत. २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर ‘मिसमॅच्ड’, २०२२मध्ये ‘जुगजुग जियो’, २०२५मध्ये कादंबरी. बाहेरून पाहणाऱ्याला ही सरळ चढती कमान वाटते. जुन्या चाहत्यांमध्ये मात्र ‘आता पूर्वीची मजा नाही’ हा सूर लागतो. तिशी ओलांडलेल्या बाईने विशीतल्या मुलीचे विनोद करत राहावं, अशी ही अपेक्षा. दहा वर्षांपूर्वी तिच्यावर हसणारे स्वतः त्याच नोकरीत, त्याच घरात, त्याच केसांत राहिलेत का, हे कुणी त्यांना विचारत नाही.

या चाहत्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. जवळीक हा मालच होता. ‘हाय गाईज’ म्हणत तो विकला गेला, आणि प्रायोजकांनी मोजले ते या जवळिकीचे पैसे. भारतात जाहिरातींचं स्वनियमन करणाऱ्या एएससीआय या संस्थेने जून २०२१पासून प्रायोजित मजकुरावर तसं स्पष्ट लिहिणं बंधनकारक केलं. मैत्रीण म्हणून जिचं ऐकत होतो, तिच्या शिफारशीखाली ‘जाहिरात’ अशी पाटी दिसली की प्रेक्षक दुखावणारच. त्या रागाला मी मत्सर म्हणणार नाही.

यूट्यूबर टॉम स्कॉटने या नात्यातून सुटायचा एक शहाणा रस्ता काढला. लाल टी-शर्ट हा त्याचा कायमचा वेश, त्यामुळे दिसण्यावर बोलायला जागाच कमी. दहा वर्षं दर सोमवारी एक व्हिडिओ, आणि १ जानेवारी २०२४ रोजी दर आठवड्याचा तो रतीब बंद. कॅनडाची यूट्यूबर एल मिल्स हिला असा मोकळा निरोप घेता आला नव्हता. २०१८ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, थकून गेल्याचा व्हिडिओ तिला कॅमेऱ्यासमोर रडत करावा लागला होता.

महाराष्ट्रात चेहरा आणि करिअर हे दोन्ही खटले एकदमच उभे राहिले ते २०२४च्या ‘बिग बॉस मराठी’मध्ये. रितेश देशमुखच्या त्या पाचव्या पर्वात मालिकांतल्या कलाकारांच्या शेजारी रीलस्टार येऊन बसले: कोकण हार्टेड गर्ल अंकिता वालावलकर, इचलकरंजीचे धनंजय पोवार, आणि बारामतीजवळच्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. टिकटॉकवर सूरजची टवाळी मुख्यतः त्याच्या दिसण्यावरून आणि बोलण्यावरून झाली होती. जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तो रील्सकडे वळला, टवाळीही मागोमाग आली. सुरुवातीला प्रश्न विचारला गेला तो असा: याची इथे यायची लायकी काय? ६ ऑक्टोबरला चषक आणि चौदा लाख साठ हजार रुपये त्यानेच नेले. गायक अभिजीत सावंत दुसरा. ज्या चेहऱ्यावर लोक हसत होते त्यालाच आता ‘साधा’, ‘खरा’, ‘आपल्या मातीतला’ अशी विशेषणं लागली.

पण साधेपणा ही नोकरी फार कडक अटींची. नवे कपडे घातले तर ‘बदलला’, जुनेच घातले तर ‘नाटक करतो’. अजित पवारांनी घर बांधून देण्याचा शब्द दिला, त्यावरही फुकटचं घर कशाला म्हणून वाद झाले. केदार शिंदे यांनी त्याला नायक करून चित्रपट काढला. तो एप्रिल २०२५मध्ये आला. नाव होतं ‘झापुक झुपूक’, त्याच्याच रील्समधले शब्द. लोकांनी आधीच पसंत केलेल्या दोन शब्दांबाहेर त्याला पाऊल टाकू द्यायला निर्माते तयार नव्हते, आणि मोबाइलवरून सूरजला भरभरून मतं देणारी माणसं तिकीट काढायला तेवढ्या संख्येने गेली नाहीत. त्यानंतरची चर्चा चित्रपटाच्या पटकथेवर कमी आणि त्याने हिरो व्हायला जावं का, यावर जास्त झाली.