कोरेगावच्या स्तंभावरील नावे

पुण्याहून नगर रस्त्याने गेले, की भीमा नदीच्या अलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत एक उंच दगडी स्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनी सरकारचे सुमारे आठशे शिपाई आणि दुसऱ्या बाजीरावाची फौज यांची येथे लढाई झाली. १८२१ साली कंपनीने या स्तंभाची पायाभरणी केली.

स्तंभ इंग्रजांनी आपल्या पलटणीच्या गौरवासाठी उभारला, हे खरे. पण त्यावर कोरलेल्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ही आपल्या पूर्वजांची नावे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांची नावे दगडावर कायमची राहिली.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब या स्तंभापाशी आले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा जवानांच्या टोपीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

दर १ जानेवारीला येथे लाखोंची गर्दी होते. मानवंदना देऊन आपण परततो. नावे वाचायला सवड मिळत नाही. म्हणून माता-भगिनींनो, एखाद्या साध्या रविवारी मुलांना घेऊन जा. एकेक नाव त्यांना मोठ्याने वाचू द्या.