पिरनवाडी ओलांडल्यावर

"आई, मित्रांबरोबर गाडीवरून गोव्याला जातोय," असं मुलानं म्हटलं की बेळगावातल्या बहुतेक घरांत त्या रात्रीचं जेवण कुणाला गोड लागत नाही. बाबा चोर्ल्याच्या वळणांची आठवण काढतात, आजी देवाला साकडं घालते, आणि शेवटी "बसनं जा की रे" यावर तह होतो. त्याच घरात सकाळी "पटकन जाऊन दूध घेऊन ये" म्हणताना हेल्मेट मात्र कपाटावरच राहतं. इथंच तर जायचंय, दोन गल्ल्या पलीकडं!

मोठ्यांची काळजी खोटी नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी लागलेली असते असं मला वाटतं. बेळगाव ते पणजी व्हाया चोर्ला हा सगळा मिळून शंभराहून थोडा अधिक किलोमीटरचा रस्ता. एवढ्यात गाडीवाल्याला तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हेचे धोके भेटतात आणि प्रत्येकासाठी अंगात वेगळी सवय लागते. घाट त्यातला फक्त एक, आणि माझ्या मते सगळ्यात वाईटही नाही.

सुरुवात आपल्या गावातूनच करू. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात खडेबाजार किंवा गणपत गल्लीतून गाडी काढून बघा. वेग वीस-पंचवीसच्या वर जातच नाही. इथं आपण पडतो ते बहुधा दुसऱ्यामुळे. उभ्या कारचं दार अचानक उघडतं, रिक्षा प्रवासी दिसला की जागच्या जागी थांबते, समोरून येणारी गाडी आपल्या पुढ्यातून उजवीकडे वळते. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकानं लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला होता. १९८१ साली तो अहवाल आला. सुमारे तीन-चतुर्थांश अपघातांत दुसरं वाहन होतं, आणि नेहमीचा प्रकार हाच की कारवाल्यानं मोटरसायकलच्या वाटेत गाडी घातली. अपघाताआधीचा मधला वेग होता ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या काँग्रेस रोडवर सहज गाठला जाणारा. आपल्याकडच्या कारवाल्याचंही म्हणणं तेच असतं, "दिसलाच नाही हो!" आणि पुष्कळदा ते खरं असतं. त्याची नजर बस आणि ट्रक शोधत असते, गाडीची अरुंद आकृती तिच्यातून निसटते. २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप जळत राहतो तो याचसाठी. "दिवसा दिवा कशाला" म्हणून थांबवून सांगणाऱ्या काकांना हे एकदा समजावून सांगायला हरकत नाही.

शहरातली एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. वळणाऱ्या कारच्या ड्रायव्हरचं तोंड बघू नका, तिचं पुढचं चाक बघा. माणूस आपल्याकडं बघूनही आपल्याला न पाहिलेला असू शकतो. चाक फिरायला लागलं की मात्र गाडी येणार हे नक्की.

टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर आणखी एक गंमत असते. गर्दीत जागा मिळेल तसं तिरकं घुसायची आपल्याला सवय, आणि ओल्या रुळावर तिरकं गेलेलं चाक सरळ घसरतं. रूळ होता होईल तो काटकोनात ओलांडावा आणि त्यावर असताना ब्रेक दाबू नये. मागं बसणाऱ्या आई-मावशीच्या पदराचं, ओढणीचंही तसंच. गाडी स्पोर्टी दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकणारे आपल्या गावात कमी नाहीत. ते गार्ड नियमानं लागतं, आणि ते नसताना चाकात गेलेली ओढणी वीसच्या वेगातही जीव घेऊ शकते.

तिसरं गेट झालं, उद्यमबाग आली. शिफ्ट सुटायच्या वेळेला इथं गाड्यांची जत्रा असते आणि रस्त्याकडेला ऑइलचे डाग. त्यानंतर पिरनवाडी. इथं खानापूरचा रस्ता सरळ जातो आणि जांबोटीचा फुटतो. मागं वळून बघितलं तर शहर संपलेलं असतं. मनगट आपसूक पिळलं जातं, गाडी सत्तर-ऐंशीला जाते, छातीवर वारा लागतो आणि वाटतं, सुटलो एकदाचे त्या गर्दीतून!

गर्दीतून सुटतो हे खरं, पण नुसता आकडा बघा. ताशी ४० वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला आणि कोरड्या, चांगल्या डांबरावर नीट ब्रेक लागला, तर साधारण २० मीटरमध्ये गाडी उभी राहते. ताशी ८० ला तोच सेकंद २२ मीटर खातो आणि ब्रेकचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. मिळून ६० मीटरच्या पुढं, म्हणजे पाच बस एकामागं एक उभ्या केल्या तर जितकी लांबी होईल तितकं. आणि हा हिशोब कोरड्या रस्त्याचा, ताज्या डोक्याचा, चांगल्या टायरचा.

आता किणयेच्या बाजूचा तो सरळ रस्ता डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना भात, रताळी. शेतातून येणारी वाट कुठं झाडाआडून, कुठं बांधावरून थेट डांबरावर चढते, आणि तिथं ना सिग्नल ना आरसा. रताळ्यांची पोती लादलेला ट्रॅक्टर निवांत रस्त्यावर येतो, कारण त्याच्या हिशोबानं रस्ता मोकळा असतो. त्याच्या चाकांना चिकटून आलेला चिखल पुढचे पन्नास फूट डांबरावर पसरतो. सुगीत नाचणी किंवा कुळीथ मळणीसाठी रस्त्यावरच अंथरलेला असतो, त्यावरून गाडी जाणं म्हणजे साबणावरून जाणं. उसाच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेला ट्रेलर हा तर आपल्या साऱ्या जिल्ह्याचा रोग आहे. कुत्रं, म्हैस, शाळेतून सुटलेली सायकल हे वेगळंच. शहरात हे सगळं आपण वीसच्या वेगात पाहत असतो, इथं ऐंशीच्या.

म्हणून मला घाटापेक्षा हा सरळ तुकडा धोक्याचा वाटतो. घाटात माणूस आधीच घाबरलेला असतो, इथं तो नुकताच सैल झालेला असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची सुमारे ७५ हजार. एकूण मृत्यूंपैकी ६८ टक्के ग्रामीण भागातले. गर्दी जिथं कमी तिथं मरण जास्त, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उलटं वाटलं होतं. पण वेग आणि दवाखान्याचं अंतर हे दोन्ही मिळवले की ते उलटं राहत नाही. त्याच वर्षी हेल्मेट नसल्यामुळं गेलेल्यांची नोंद ५० हजारांच्या वर आहे, आणि त्यांत १४ हजारांहून अधिक मागं बसलेले होते. मागच्याला हेल्मेट नको, हा समज कुठून आला देव जाणे. कायद्यात दोघांनाही ते सक्तीचं आहे. घेताना आयएसआय चिन्ह बघून घ्यावं आणि हनुवटीचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं.

कुसमळीला मलप्रभा ओलांडायची आणि जांबोटीत थांबायचं. पेढ्यासाठी तर थांबायचंच, पण दुसरंही कारण आहे. चार-पाच गाड्यांचा ग्रुप असला की शेवटचा नेहमी पुढच्याला गाठायच्या नादात सगळ्यांत जोरात चालवत असतो, आणि बहुधा तोच सगळ्यांत नवखा असतो. त्याला जांबोटीपासून पुढच्या दुसऱ्या नंबरावर घ्यावं. इथून पुढं कणकुंबीच्या जंगलात मोबाईलला रेंज भरवशाची नाही, तेव्हा घरी फोन करायचा तो इथूनच. आणि कुणी पडलेला दिसला तर थांबायला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

या टप्प्यात अंधार पडल्यावर चालवू नये हे माझं मत ठाम आहे. कारण एकच, गवा. अंगानं काळा, रात्रीत मिसळून जाणारा, वजन एखाद्या लहान कारएवढं. दिव्याच्या उजेडात आधी दिसतात ते त्याचे पांढरे पाय, जणू कुणी मोजे घालून रस्त्यात उभं आहे. ते मोजे दिसेपर्यंत बरंचसं अंतर संपलेलं असतं. एक दिसला तर मागं आणखी आहेत असं समजून थांबावं. हॉर्न वाजवून त्याला हुसकायला जाऊ नये.

चोर्ल्याची उंची सुमारे ८०० मीटर, आणि तिथून रस्ता गोव्यातल्या केरीपर्यंत उतरतो. खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं आणि प्रत्येकाला तिकडं बघावंसं वाटतं. बघायचं असेल तर गाडी उभी करून बघा, कारण वळणावर डोळे जिकडं जातात तिकडंच गाडी जाते. उजव्या वळणावर आणखी एक खोड असते. चाकं आपल्याच बाजूला असतात, पण गाडी झुकली की डोकं मधल्या रेषेपलीकडं गेलेलं असतं, आणि समोरून बस येत असते. अशा वळणावर डावीकडंच राहावं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता तोच ठेवावा, म्हणजे निम्मं काम इंजिन करतं. स्कूटरवाल्यांना ही सोय फारशी नसते. त्यांचा ब्रेक सतत दाबून तापतो आणि मग ऐनवेळी हलका लागतो. जळका वास आला की कडेला थांबून दहा मिनिटं थंड होऊ द्यावा. पावसाळ्यात धुकं असतं आणि झाडांखालच्या कडेला शेवाळ, तेव्हा दिवे लावून मधल्या कोरड्या पट्ट्यातून हळू जावं.

केरीनंतर साखळी, डिचोली, म्हणजे पुन्हा वस्ती, पण बेळगावसारखी नाही. गोव्यातले आतले रस्ते चिऱ्यांच्या गडग्यांमधून जातात, वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि किनाऱ्याजवळ काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या गाड्या सुरू होतात. त्यावरचा पाहुणा कदाचित वर्षभरात पहिल्यांदा गाडी चालवत असतो, आणि चप्पल-चड्डीवर. त्याला लांबूनच जागा द्यावी. शिकायचं असेल तर पणजीत पायलट बघावेत, पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकल टॅक्सीवाले. दिवसभर अनोळखी माणूस मागं बसवून चालवायचं, तर झटका देऊन चालत नाही. त्यांचा ब्रेक आधी सुरू होतो आणि हळूच संपतो.

परतीचं एवढंच सांगतो. रविवारी संध्याकाळी आपण पूर्वेकडं येत असतो, ऊन पाठीवर असतं आणि सगळं स्वच्छ दिसतं. समोरून येणाऱ्याच्या मात्र थेट डोळ्यांत सूर्य असतो, त्याला आपण दिसत नाही. आणि दीड-दोन तास वेगात आल्यावर पन्नास हा वेग तीसएवढा वाटायला लागतो. काटा खोटं बोलत नाही, आपलं अंग बोलतं. तसेच उद्यमबागेच्या गर्दीत शिरलात तर पहिली रिक्षा थांबेल तेव्हा कळेल. म्हणून पिरनवाडीला थांबा, हेल्मेट काढा, एक चहा घ्या, घरी फोन करून सांगा की वीस मिनिटांत येतोय. वीसच सांगा, दहा नको.