सतराव्या होलवरचा चेंडू

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरील सतराव्या होलवर माझ्या चेंडूची जी गत झाली, तिला आता चार वर्षे उलटली, तरी तिचे शल्य मनातून गेलेले नाही. पुण्यात शिकलेला माझा गोल्फ हा हवेतला खेळ. चेंडू उंच जावा, ग्रीनवर पडावा आणि पडल्या जागी थांबावा, एवढाच त्याचा दस्तूर. आणि नोकरीनिमित्त डंडीस आल्यावर, समुद्रकाठच्या वाळूवर आखूड गवत धरून राहिलेल्या 'लिंक्स' मैदानांत तो दस्तूर चालत नाही, हे मला कळले होते, पटले मात्र नव्हते.

दोन दिवस आधीच्या सोडतीत नाव निघाले होते आणि जोडीला त्याच गावचे एक निवृत्त पोस्टमन होते. सतराव्याचे ग्रीन अरुंद व तिरपे. पुढे डावीकडे त्याच्या पोटात शिरलेला खोल रोड बंकर, मागे रस्ता आणि दगडी भिंत, आणि त्या रस्त्यावर चेंडू गेला तर तो तिथूनच मारावा लागतो, सवलत नाही. त्या दिवसातला माझा सर्वांत निर्दोष फटका मी तिथे मारला. चेंडू थेट झेंड्याच्या रोखाने गेला, ग्रीनच्या पुढच्या उंचवट्यावर टेकला, क्षणभर थबकला, आणि मग डावीकडे वळून, कोणी हाताला धरून नेल्यासारखा, सावकाश बंकरात उतरला. बाहेर पडायला तीन फटके लागले. पोस्टमनसाहेबांचा फटका चुकलाच होता. चेंडू जमिनीवरून सरपटत निघाला, तोच चढ चढला आणि झेंड्यापासून दोन हातांवर विसावला. "जमीन तिकडेच उतरते," एवढेच ते शांतपणे म्हणाले. 1978 च्या ओपन स्पर्धेत ग्रीनवर पोचलेला जपानी गोल्फपटू नाकाजिमाचा चेंडूही त्याच्याच पटने याच बंकरात गेला व सुटकेस चार फटके लागले, हेही त्यांनी सांगितले. परंतु परक्याच्या दुःखाने आपल्या दुःखाचे परिमार्जन होत नाही.

त्या रागात मी कित्येक महिने कार्नूस्टीच्या मैदानावरच जात राहिलो. तिथली कठोरता उघड असते. शेवटच्या दोन होलांवरून नागमोडी वाहणारा बॅरी बर्न लपून बसत नाही, आणि 1999 च्या ओपनमध्ये शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी गमावणाऱ्या फ्रेंच गोल्फपटू व्हान द व्हेल्डेलाही तो समोर दिसतच होता. वाईट फटक्याला शिक्षा व्हावी, चांगल्याला होऊ नये, हाच मला इन्साफ वाटे. मात्र आठवड्यातून दोनदा खेळायचे झाल्यास कार्नूस्टी माणसाला थकवते. रोजच्या खेळाला मी नॉर्थ बेरविक सुचवीन; तेराव्याला ग्रीनपुढे आडवी येणारी दगडी भिंत, पंधराव्याचा तिरप्या उताराचा 'रेडान', आणि समुद्रात उभा बास रॉक, यांच्या सहवासात हरण्याचेही दुःख होत नाही. भारतातून येणाऱ्यांनी एवढेच करावे, की ग्रीनच्या बाहेर तीस पावलांवरही लाज न धरता पटर हाती घ्यावा.

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावची माणसे कुत्री, मुले घेऊन तिथे फिरतात. अशाच एका रविवारी मी सतराव्याच्या ग्रीनपुढे उकिडवा बसून तो उंचवटा निरखला. उतार डावीकडेच होता, आणि तोही चांगला स्पष्ट. तरीसुद्धा माझा फटका चुकला होता हे मी अजून मान्य करीत नाही. आणि गुरुवारच्या खेळासाठी कालच पुन्हा सोडतीत नाव दिले आहे.