औशाचं तांबं आणि देगलूरचं

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका द्राक्षबागाईतदारानं माती तपासणीचा कागद माझ्यापुढं धरला. "ताई, माझ्या रानात विष हाय म्हणायलेत. खरं हाय का?" तांब्याचा आकडा शंभराच्या पुढं होता आणि त्याभोवती लाल वर्तुळ. शेजारी मर्यादा छापलेली, किलोमागं 63 मिलिग्रॅम. ही मर्यादा कॅनडातल्या शेतजमिनीची. ती औशाच्या मातीला कुणी आणि का लावली, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं.

तेव्हा मी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्रात संशोधन करत होते. माणसानं काहीही मिसळलं नसताना आपल्या मातीत कोणता धातू मुळात किती असतो, हे शोधणं माझं काम होतं. त्या माणसाचा चेहरा बघून हे काम किती निकडीचं आहे ते मला कळलं.

लातूरची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा बेसाल्टची जाडी 338 मीटर भरली आणि त्याच्या तळाशी ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक लागला. पूर्वेला देगलूर-बिलोलीकडं बेसाल्ट संपतो आणि तसलाच जुना खडक उघडा पडतो. बेसाल्टमध्ये किलोमागं शंभर ते दोनशे मिलिग्रॅम तांबं निसर्गतःच असतं. निकेल, क्रोमियम, कोबाल्टही भरपूर. ग्रॅनाइटमध्ये तांबं जेमतेम दहा-वीस. म्हणजे औशाचा कातळच कॅनडाच्या परीक्षेत नापास होतो!

पण कोरी माती मिळवणं सोपं नसतं. पुस्तकं सांगतात, खोल जा, खालची माती माणसाच्या हाताबाहेरची असते. काळ्या जमिनीत हा नियम चालत नाही. उन्हाळ्यात हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत ओघळते, पावसात जमीन फुगते आणि खालची माती वर रेटली जाते. खत-फवारणीचा अंश त्याच वाटेनं खाली उतरतो. म्हणून आम्ही थेट मुरूम लागेपर्यंत खणायचो आणि मुरमाचाही नमुना घ्यायचो. पहारीनं फोडायचं, पण पहार लागलेला थर लाकडी पट्टीनं खरवडून टाकायचा आणि आतली माती प्लॅस्टिकच्या चमच्यानं काढायची. बोटातली अंगठी आधी उतरवायची. प्रयोगशाळेत हीच माती अकिकाच्या खलात कुटायची, कारण लोखंडी खलातून धातू उतरतो.

जागा निवडायला मात्र नकाशापेक्षा म्हातारी माणसं जास्त उपयोगी पडली. कंधारकडं एका पडीक रानात मी खणायला बसले होते, तर बांधावरून आजोबा ओरडले, "बाई, तिथली नगं घिऊ! आमच्या वडलांनी पांढरीची माती टाकलीय तिथं, गाड्यानं." पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची माती: राख, शेण, हाडं, भांड्यांचे तुकडे, पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार. खत म्हणून ती शेतात टाकायची रीत होती. त्या रानाचा आकडा मी निसर्गाच्या नावावर मांडला असता, तर तो खरा गावाचा निघाला असता. तेव्हापासून गायरान आणि माळावर खणायच्या आधीही गावात विचारायचं, असं मी ठरवून टाकलं.

औशाच्या त्या बागेशेजारच्या गायरानात आम्ही खणलं. तिथल्या नुसत्या मुरमातच तांबं 63 च्या बरंच वर होतं. त्या बागाईतदाराच्या रानात विष नव्हतं. तरी बागेच्या वरच्या चार बोटं मातीत तांबं गायरानाहून जास्त निघालं. ती वाढ तेवढी बागेवर फवारलेल्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या क्षाराची, आणि फवारणीत हात आखडता घ्यायला हवा तो तेवढ्यापुरता. देगलूरच्या बरड जमिनीवरचा एक कागद याच्या अगदी उलट निघाला. तांबं मर्यादेच्या आत, लाल वर्तुळ नाही, पण लगतच्या माळापेक्षा काही पटींनी जास्त. तिथं खरोखर बाहेरून काहीतरी येत होतं आणि कागद म्हणत होता, सगळं ठीक.

म्हणून जिल्ह्याचा एकच सरासरी आकडा द्या असं मला सुचवलं गेलं, तेव्हा मी ठाम नकार दिला. कंधारची काळी आणि देगलूरची बरड एकाच नांदेड जिल्ह्यात आहेत; त्यांची सरासरी दोन्हीकडं फसवते. तक्ता मी खडकानुसार केला आणि मांजरेकाठच्या गाळाचा रकाना वेगळा ठेवला. कारण बिलोलीकडं खाली ग्रॅनाइट असूनही नदीकाठच्या काही शेतांत तांबं चढंच मिळालं. मांजरा वाहत येते ती बेसाल्टच्या मुलखातून. 1931 मध्ये वरच्या अंगाला मांजरेवरच निजामसागर धरण पुरं झालं. त्याआधीच्या पुरांनी तो काळा गाळ इथवर आणला असावा. त्या शेतकऱ्यांना मी सांगितलं, तुमची माती तुमच्या पायाखालच्या खडकाशी ताडू नका, ती वरच्या अंगाच्या काळीशी ताडा.