घर पाहावे कोल्हापुरात

कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचे दर्शन, मग न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि परतताना पिशवीत चपला व गुळाची ढेप. यात वावगे काही नाही. या गावात मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. तेवढ्यात या वाटेने मी किती पाहुणे फिरवले याचा हिशेब नाही. पण अलीकडे मी या कार्यक्रमात एक भर घालतो. पाहुण्यांना म्हणतो, "चला, आता आमच्या गावातली घरे पाहू." हे ऐकताच पाहुणीच्या चेहऱ्यावर उजेड पडतो आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावरचा जातो. दिवाळीच्या आगेमागे दुसऱ्याचे घर बघून आलेली गृहिणी आपल्या घरात काहीतरी पाडायला नाहीतर बांधायला सांगणार, हे त्या बिचाऱ्याला अनुभवाने ठाऊक असते!

सुरुवात अर्थात मोठ्या घरापासून करावी. न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ या काळात काळ्या घडीव दगडात उभा राहिला. मेजर चार्ल्स मँट याने त्याचा आराखडा केला. आपला टाऊन हॉलही त्याचाच. राजवाडा पुरा झालेला पाहायला मात्र तो उरला नाही. १८८१ सालीच वारला. दरबार हॉलची ती उंची, खिडक्यांच्या रंगीत काचांमधले शिवचरित्रातले प्रसंग, हे सगळे पाहून माणूस आपोआप हलक्या आवाजात बोलू लागतो. एकदा मुंबईच्या एका स्नेह्यांची आठ वर्षांची मुलगी माझ्याबरोबर होती. तिने सगळे नीट पाहिले आणि विचारले, "काका, इथे पाय पसरून कुठे बसायचं?" तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही, पण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. दरबार हा उभे राहण्यासाठी असतो. घर बसण्यासाठी असते. हा फरक समजून घ्यायचा तर राजवाड्याकडे पाठ करून पेठांत शिरावे.

शुक्रवार, शनिवार, मंगळवार या पेठांच्या बोळांतून अजूनही काही जुने वाडे आणि घरे तग धरून आहेत. काळ्या दगडाचे जोते, त्यावर हातभर किंवा त्याहूनही रुंद भिंती, दारात कट्टा, आत सोपा, मग चौक, चौकापलीकडे माजघर, त्याच्या कडेला स्वयंपाकघर आणि मागे परसू. वर कौले. पूर्वी खापरी कौले असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले आपल्याकडेही घरोघर चढली.

या घरांचे माप खणात सांगत. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. चोळीचाही खण आणि घराचाही खण. दोन्ही अंगाबरोबर बेतायचे, ही त्यामागची समजूत मला फार शहाणपणाची वाटते. जपानी लोक खोली किती चटयांची आहे हे सांगतात आणि त्यांची ती चटई साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद, म्हणजे एका माणसाला आडवे होता येईल एवढी असते. तेही माप माणसाचेच. आपण आता चौरस फुटांत बोलतो. त्यात किमतीचा हिशेब चटकन होतो, पण आजीला वळकटी टाकायला कोपरा आहे की नाही ते कळत नाही.

चौकाची करामत तर बघण्यासारखी. ऊन चढले की चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी बोळातली सावलीतली हवा दारातून आत ओढली जाते. भर उन्हाळ्यात उंबऱ्याशी वाऱ्याची झुळूक लागते ती याच कारणाने. जाड भिंत दिवसाचे ऊन सावकाश पिते, त्यामुळे दुपारी माजघर गार राहते. आमच्या पूर्वजांना हे शास्त्र पुस्तकातून कळले नव्हते; घरात राहून राहून कळले होते.

उजेडाची गोष्ट निघाली की कोल्हापूरकराला किरणोत्सव आठवतो. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुढे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. पण वाटेतल्या उंच बांधकामांचा या किरणांना अडथळा होतो, अशी चर्चा गावात वरचेवर होते. प्रत्यक्ष अंबाबाईच्या उजेडाला शेजारची गच्ची आडवी येऊ शकते, तिथे तुमची-आमची काय कथा! म्हणून घर घेताना वा दुरुस्त करताना पहिला प्रश्न फरशीचा नसावा. कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणत्या खिडकीतून ऊन येते, हा असावा.

आता माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी चला. आक्काचे सासर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. घरात आक्का, दाजी, भाची आणि दाजींच्या मातुश्री. त्यांना सगळेच आऊ म्हणतात, मीही. भाचा पुण्याला नोकरीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर चढली. धोक्याची पातळी तिथे ४३ फूट आहे. आक्काच्या सोप्यात कमरेएवढे पाणी आले आणि पाच दिवस राहिले. सगळे कुटुंब आमच्या राजारामपुरीतल्या तीन खोल्यांत येऊन राहिले. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल उपसायला गेलो, तेव्हा घरानेच आम्हाला धडा दिला. प्लायवूडची कपाटे फुगून उलली होती. जुनी सागवानी पेटी धुऊन पुसून सावलीत वाळवली आणि पहिल्यासारखी झाली. ज्या भिंतीला चुन्याचा गिलावा होता ती दिवाळीपर्यंत सुकली. जिला काही वर्षांपूर्वी 'मजबुतीसाठी' सिमेंट थापले होते तिच्या पोटात पाणी कोंडले आणि महिनोन्‌महिने पोपडे सुटत राहिले.

दाजींनी ठरवून टाकले, घर पाडायचे. एक बांधकामवाले दोन फ्लॅट द्यायला तयार होते. भाच्याने पुण्याहून होकार कळवला. आक्का काहीच बोलेना. आऊ तेवढ्या बोलल्या. माजघराच्या भिंतीत एक दिवळी आहे. लग्न होऊन आल्यापासून रोज तिन्हीसांजेला आऊ तिथे दिवा लावतात. त्या म्हणाल्या, "दोन घरं झाली की अर्धी मानसं एकीकडं, अर्धी दुसरीकडं. मग दिवा कुणाच्यात लावायचा तेवढं सांगा, आन्‌ मग पाडा."

दाजींना राग आला, कारण प्रश्नाला उत्तर नव्हते. पंधरा दिवस घरात अबोला होता. तो सोडवला भाचीने. ती तेव्हा वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने नकाशा काढला नाही, की कुणाची समजूत घातली नाही. एक शंभर पानी वही घेतली आणि त्यात रोज लिहू लागली: कोण, किती वाजता, कुठे बसले. पंधरवड्यानंतर तिने वही सगळ्यांपुढे वाचली. दाजींनी हौसेने सोफासेट घालून सजवलेल्या दिवाणखान्यात पंधरा दिवसांत फक्त दोन माणसे बसली होती. एक विमा एजंट आणि दुसरा मी! बाकी सगळे घर, निवडणेटिपणे, वर्तमानपत्र, अभ्यास, भांडण आणि समेट, चौकाच्या कडेच्या साडेतीन खणांत चालले होते. दाजींची सकाळची चाळीस मिनिटेही तिथलीच निघाली. दाजी वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही राहतो तेवढं ठेवायचं, आणि दाखवायचं तेवढं पाडायचं, असंच ना?"

तसेच झाले. वाचकहो, त्या घरात काय केले ते थोडक्यात सांगतो. तुमच्या फ्लॅटातही यातले पुष्कळ करता येईल.

सर्वांत आधी आऊंचे न्हाणीघर. रात्री चौक ओलांडून पावसात जायचे म्हणजे पडण्याला निमंत्रण. ते माजघराला लागून आणले. खाली गुळगुळीत टाइल न घालता खरखरीत शहाबादी फरशी घातली, उंबरा काढला, भिंतीला धरायला दांडे बसवले आणि दार बाहेर उघडेल असे लावले. आत कुणी पडले तर दार त्याच माणसाला अडून बसत नाही, ही गोष्ट भाचीने सांगेपर्यंत आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

चौकावर दाजींनी पावसासाठी पत्रा ठोकला होता. त्यामुळे उन्हाळ्यात घराची भट्टी होई. पत्रा काढून हातभर उंचीवर नवे छप्पर घेतले आणि चारी बाजू मोकळ्या ठेवल्या. पाऊस बाहेर राहिला, तापलेली हवा निघून गेली, उजेड परत आला. सिमेंटचा गिलावा खरवडून पुन्हा चुना केला. तळमजल्यावरची विजेची बटणे छातीच्या वर नेली. प्लायवूडच्या जागी भिंतीतच कडाप्प्याचे कप्पे काढले. स्वयंपाकाचा ओटा दुकानातल्या मापाने न करता आक्काला उभे करून तिच्या कोपरापासून अर्धी वीत खाली धरला; तिची कंबरदुखी निम्मी झाली, असे ती म्हणते. चौकाच्या कडेला भिंतीलगत लांब लाकडी बैठक केली. रात्री ती पाहुण्याचे अंथरूण होते. दिवाणखाना मधोमध दुभागून भाचीला अभ्यासाची खोली मिळाली. दिवळी होती तिथेच राहिली, फक्त तिच्या आत पांढरा रंग दिला, म्हणजे दिव्याचा उजेड दुप्पट दिसतो.

आणि परीक्षाही लवकरच झाली. २०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा चढली, या खेपेला काकणभर जास्तच. पण बैठकीच्या फळ्या सुट्या होत्या. त्या आणि बाकीचे सामान दोन तासांत माळ्यावर गेले. पाणी उतरल्यावर कप्पे पाइपाने धुतले. आठ-दहा दिवसांत घरात चूल पेटली. नदी काही कुणाच्या दुरुस्तीला भिऊन हटत नाही. ती पुन्हा येणार हे पेठेत सगळेच धरून चालतात. दाजींची कुरकूरही संपलेली नाही. मोटार ठेवायला जागा नाही हे त्यांचे दुःख खरेच आहे. भाचाही पुण्यालाच आहे. पण तो सणाला येतो तेव्हा हॉटेलातल्यासारखा एका खोलीत जाऊन बसत नाही, बैठकीवर आडवा होतो. आऊ त्याच्या डोक्यापाशी बसून लसूण सोलतात.

पाहुण्यांना मी शेवटी कणेरी मठावर नेतो. तिथल्या सिद्धगिरी संग्रहालयात जुने खेडे सिमेंटच्या मूर्तींतून उभे केले आहे: जात्यावर बसलेली बाई, कामात गढलेला सुतार, सोप्यात टेकलेला म्हातारा. मुले ते डोळे विस्फारून पाहतात. मलाही ते आवडते. मात्र तिथून निघताना दर वेळी मनात येते की या मूर्ती जशा एकमेकांजवळ बसल्या आहेत, तसे आपण आपल्या घरात कितीदा बसतो?

तेव्हा यंदा दिवाळीत रंग काढायच्या आधी एक शंभर पानी वही आणा. पंधरा दिवस कोण कुठे बसते ते लिहा. फर्निचरवाल्याला बोलवायचे ते त्यानंतर. कोल्हापूरला आलात तर जरूर कळवा. आक्काकडे घेऊन जाईन. तिथे चहावर सुटका होत नाही, जेवूनच निघावे लागते. आणि तिन्हीसांज झाली असेल, तर आऊ दिवा लावेपर्यंत उठू नका.