नखाला न लागणारा ओरखडा

आडत दुकानाच्या जुन्या चालकाने मोटारीच्या दारावरील ओरखडा स्वतःहून दाखविला. पगारातून रक्कम कापली जाईल, ही धास्ती चेहऱ्यावर होती. शेठजींनी ओरखड्यावरून नख फिरविले. ते अडकले नाही. म्हणजे इजा रंगाला नव्हे, वरच्या पारदर्शक थराला. हा थर सुमारे 40 ते 50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. पॉलिश ओरखडा भरीत नाही, भोवतालचा थर किंचित झिजवून तो दिसेनासा करते. वारंवार चोळणे म्हणजे मुद्दल खाणेच. सावलीत, पत्रा गार असताना, गाळलेल्या पाण्याने धूळ धुतली (असे बरेच ओरखडे कोरड्या फडक्यानेच पडतात) आणि मऊ मायक्रोफायबर कापडावर थोडे पॉलिश घेऊन दोघांनी हलक्या हाताने चोळले. पगाराचा विषय निघालाच नाही. तेव्हा कुठे चालकाने मागचे दार दाखविले. तेथील ओरखडा धाकट्या शेठजींच्या हातचा होता.