बाविसाव्या हिश्श्याचे इंजिन

कर्ली लॉरेन्स यांचा जन्म 1883 चा, लंडनचा. तरुणपणी ते न्यू क्रॉसच्या लोको शेडमध्ये होते. खरा कोळसा, खरी वाफ, खरी काजळी. पुढे हौशी कारागिरांमध्ये ते 'एलबीएससी' या टोपणनावाने गाजले. ही आद्याक्षरेही त्यांच्या जुन्या रेल्वेचीच: लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट. नोकरी सुटली, पण इंजिन दिसते कसे यापेक्षा ते ओढते किती, हे आधी बघण्याची शेडमधली खोड सुटली नाही.

त्या काळी छोट्या इंजिनांत बहुधा स्पिरिटचा दिवा असे. अडीच इंच अंतराच्या रुळांवरच्या इंजिनात कोळसा जाळून माणसे ओढता येतील, यावर जाणत्यांचाही विश्वास नव्हता. लॉरेन्स यांनी 1922 मध्ये 'मॉडेल इंजिनिअर' मासिकातून याला आव्हान दिले. वाद इतका पेटला की त्याला 'बॉयलरांची लढाई' म्हणू लागले. 1924 च्या एका प्रदर्शनात त्यांच्या 'आयेशा' या इंजिनाने कोळशावर माणसे ओढून दाखवली.

यामागे साधे गणित होते. रुळांमधले अडीच इंच म्हणजे खऱ्या रेल्वेच्या मापाचा सुमारे बाविसावा हिस्सा. लांबी बावीस पटीने घटली की पृष्ठभाग पाचशे पटीने घटतो आणि आकारमान अकरा हजार पटीने. मोठ्या बॉयलरची दोन इंची नळी त्या हिशेबाने जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची होईल आणि पहिल्याच फेरीत काजळीने बुजेल. म्हणून नळ्या कमी, पण रुंद घ्यायच्या. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीचेही तेच. ती मापात बारीक केली, तर पाणी केशाकर्षणाने आपोआप वर चढते आणि ड्रायव्हरला खोटीच पातळी दिसते. लॉरेन्स यांनी इथे मापाला फाटा दिला आणि नळी रुंद ठेवली. प्रमाणबद्धतेच्या भक्तांना हे खटकले असणार; खटकू दे.

इतर बारीकसारीक वस्तूंमध्येही त्यांचा हाच हट्ट होता. बॉयलरमध्ये पाणी सोडणारी, पण परत न येऊ देणारी एकमार्गी झडप घ्या. गनमेटलचा, म्हणजे मुख्यतः तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा दांडा लेथवर धरायचा, आरपार भोक पाडायचे, वरचा भाग रुंद करायचा आणि बैठकीच्या भोकात रिमर फिरवून तिची कड तासून घ्यायची. कडेवर पोलादी गोळी ठेवायची, त्यावर पितळी दांडा टेकवायचा आणि हातोडीचा एकच ठोका मारायचा. कड गोळीच्या आकाराची होते, झडप गळत नाही. जास्त ठोके मारणारा उत्साही माणूस बैठक रुंद करतो आणि तिच्यावर कचरा अडकायला जागा करून देतो. वरच्या टोपीखाली गोळीला एक मिलिमीटरहूनही कमी उसळी द्यायची. जोडनळीच्या नटांना इंचाला चाळीस असे बारीक आटे पाडायचे, म्हणजे पातळ भिंतीतही पकड बसते. साधे पितळ लेथवर सोपे, पण गरम पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते, म्हणून गनमेटल.

सगळ्यांत अवघड काम इंजेक्टरचे. 1858 मध्ये फ्रान्सच्या आंरी जिफार यांनी शोधलेल्या या यंत्रात हलणारा भाग बहुधा एकही नसतो. वाफेचा झोत एका शंकूतून सुटतो, पाण्यात मिसळून निवतो आणि आपला वेग पाण्याला देतो. तेच पाणी, ज्या बॉयलरची वाफ त्याच बॉयलरच्या दाबाविरुद्ध आत घुसते. ऐकताना हे फसवणुकीसारखे वाटते. लहान इंजिनात शंकूचे सर्वांत अरुंद भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. त्याचा निमुळतेपणा आणायला सिल्व्हर स्टीलची सळई निमुळती कातायची, निम्मी घासायची, लालभडक करून पाण्यात बुडवायची. हे हत्यारही घरीच. एवढे करूनही टाकीतले पाणी कोमट झाले की इंजेक्टर रुसतो.

हे सारे त्यांनी दशकानुदशके मासिकातून आराखड्यांसह सांगितले, आणि तेही दिवसभर दुसरीच नोकरी करून घरी छोट्या लेथपुढे उभ्या राहणाऱ्यांसाठी. नवशिक्यांसाठी आखलेले त्यांचे 'टिच' हे साडेतीन इंच अंतराच्या रुळांवरचे इंजिन तर चारच चाकांचे. 1967 मध्ये लॉरेन्स वारले. 'टिच' आजही बांधले जाते, आणि तयार झडपा विकत मिळत असूनही काही जण त्या स्वतःच कातत बसतात.